प्रबोधन ते औद्योगिक क्रांती : सनावळ्या बाजूला ठेवा, कर्ज कुणी कुणाला दिलं ते बघा

प्रश्न असा आलाय की युरोपच्या इतिहासात प्रबोधनापासून औद्योगिक क्रांतीपर्यंतचे खरे टर्निंग पॉइंट कोणते, आणि ते एकमेकांशी जोडायचे कसे, कारण सनावळ्या पाठ होतात पण लिंक लागत नाही, आणि मेन्सच्या पेपरात नेमकी लिंकच विचारतात. शिवाय यातला कुठला टॉपिक आधी करावा, असंही विचारलंय.

मी बरीच वर्षं हा भाग शिकवतो, कॉलेजात आणि स्पर्धा परीक्षेच्या बॅचेसना पण. बहुतेकांच्या नोट्समध्ये साखळी ठरलेली असते : कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं, म्हणून विद्वान इटलीत आले, म्हणून प्रबोधन झालं, म्हणून लोक विचार करायला लागले, म्हणून ल्यूथर, म्हणून विज्ञान, म्हणून व्होल्तेर-रूसो, म्हणून फ्रेंच राज्यक्रांती, आणि मग अचानक कुठून तरी वाफेचं इंजिन. विचारातून विचार जन्मतो आणि राजे-सैन्य-पैसा हे सगळं मागे पडदा म्हणून उभं. वाचायला छान वाटतं, पण एक साधा प्रश्न विचारला की कोसळतं. म्हणून मी वर्गात वेगळा धागा देतो, कर्जाचा. प्रत्येक टप्प्यावर विचारायचं की इथे पैसे कुणाला हवे होते, दिले कुणी, आणि फेडले नाहीत तेव्हा काय झालं. सगळंच याने उलगडतं असा माझा दावा नाही, पण लिंक मात्र लागते.

आधी ते १४५३ चं निस्तरू. ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं २९ मे १४५३ ला. आता बघा, प्रबोधनाचा जनक मानला जाणारा कवी पेट्रार्क १३७४ मध्येच वारला होता. फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला मॅन्युएल ख्रिसोलोरस आला १३९७ ला. तिथल्याच कॅथिड्रलवरचा, वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा तो प्रचंड घुमट १४३६ मध्ये पुरा होऊन पोपच्या हस्ते कॅथिड्रलचं पवित्रीकरण सुद्धा झालं होतं. मग १४५३ हे कारण कसं? तुर्कांच्या विजयानंतर आणखी काही विद्वान आणि हस्तलिखितं इटलीत आली, एवढंच. गाडी आधीच सुटलेली होती. तरी अजून कित्येक गाइडमध्ये पहिलं कारण हेच छापलेलं असतं आणि मुलं तसंच लिहितात.

खरं विचारायचं ते हे की फ्लॉरेन्सच का. तिथे १२५२ पासून सोन्याचा फ्लोरिन पाडत होते आणि तो युरोपभर चालायचा, लोकरीचा धंदा होता, आणि बँका होत्या. बार्डी आणि पेरुझी ही दोन घराणी तर इतकी मोठी की इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या एडवर्डला, लढाईसाठी कर्ज देत होती. १३४० च्या दशकात दोन्ही बुडाली, आणि राजाने पैसे न फेडणं हे त्यातलं एक मोठं कारण धरलं जातं. लगेच १३४८ ची प्लेग. त्यातून जे शहर परत उभं राहिलं त्यात मेडिची पुढे आले, त्यांची बँक १३९७ ची. चर्चला व्याज घेणं पाप, म्हणून हे लोक व्याज हुंडीत लपवायचे, म्हणजे फ्लॉरेन्सला एका चलनात द्यायचे, लंडन किंवा ब्रुजला दुसऱ्या चलनात घ्यायचे, आणि बदलाच्या दरात नफा मुरवायचा. आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर पोपच! कोसिमो मेडिचीने सॅन मार्को मठाचं काम स्वतःच्या पैशाने करून दिलं, त्यामागे या कमाईची मनाला लागलेली टोचणी होती असं त्याच्याच काळातला चरित्रकार लिहितो. फ्रा अँजेलिकोची चित्रं त्याच मठाच्या भिंतींवर आहेत. आणि तो घुमट? त्या बांधकामाचा कारभार लोकर व्यापाऱ्यांच्या गिल्डकडे, म्हणजे संघटनेकडे होता. तेव्हा प्रबोधन म्हणजे एकदम मानवतावाद सुचला असं नाही, ज्यांच्याकडे पैसा होता पण सरदारकीचा वारसा नव्हता अशा लोकांना प्रतिष्ठा आणि थोडं पुण्य दोन्ही हवं होतं, आणि ते चुन्यात, रंगात आणि ब्राँझमध्ये विकत मिळत होतं. (हे ऐकून कलाशाखेची मुलं नाराज होतात. पण मसाच्चोची चित्रं यामुळे कमी सुंदर होत नाहीत.)

आता दुसरा टप्पा, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण कर्जाचा धागा इतका स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

गुटेनबर्गने माइन्झ शहरात बायबल छापलं ते साधारण १४५५ ला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच सुमारास तिथे आणखी एक गोष्ट छापली जात होती, इंडल्जन्स, म्हणजे चर्चने पैसे घेऊन द्यायची पापक्षमेची पत्रं. १४५४ ची छापील पत्रं आजही शिल्लक आहेत. मजकूर लॅटिनमध्ये छापलेला, आणि नाव आणि तारखेला जागा रिकामी सोडलेली, हाताने भरायची. आपल्या गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक असतं ना, अगदी तसं. छपाईचा पहिला मोठा व्यापारी उपयोग म्हणजे ग्रंथ नाही, फॉर्म!

आता त्याच माइन्झला ६० वर्षं पुढे या. १५१४ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या घराण्यातला आल्ब्रेख्ट तिथला आर्चबिशप झाला. वय पंचविशीच्या आतलं, आणि आधीच माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद हातात. एका माणसाने इतकी पदं घेणं चर्चच्या नियमात बसत नव्हतं, त्यामुळे रोमची खास परवानगी लागली, आणि परवानगी म्हणजे फी. पैसे आले आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर याच्याकडून, वीस हजारांहून जास्त सोन्याची नाणी, कर्जाऊ. फेडायचं कसं? पोप दहावा लिओ याने मार्ग काढून दिला, तुझ्या प्रदेशात पापक्षमापत्रं विक, निम्मे पैसे रोमला सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी आणि निम्मे फुगरचं कर्ज फेडायला. लोकांना सांगितलं फक्त सेंट पीटर्सचं. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक ती विकत गावोगाव फिरायचा आणि पैशाच्या पेटीबरोबर फुगरचा माणूस असायचा.

विटेनबर्ग सॅक्सनीत. तिथला राज्यकर्ता फ्रेडरिक याने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊच दिलं नाही, पण म्हणून त्याला पुरोगामी समजू नका, त्याचा स्वतःचा पवित्र अवशेषांचा संग्रह होता, हजारोंच्या संख्येत, त्यांच्या दर्शनाने पापक्षमा मिळायची, आणि आपल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याच्या दुकानात जावं हे त्याला परवडणारं नव्हतं. तरी लोक हद्द ओलांडून युटरबोगला जायचे, पत्रं घेऊन यायचे आणि कबुलीजबाबाला आपल्या पाद्र्यापुढे ती ठेवायचे. तो पाद्री मार्टिन ल्यूथर. ३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याने आपले ९५ मुद्दे पत्रासोबत पाठवले, आणि कुणाला, तर याच आल्ब्रेख्टला. दारावर खिळा ठोकला की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात, पत्र मात्र नक्की आहे. त्यातला ८६ वा मुद्दा वाचा : पोप आज एवढा गडगंज आहे तर गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने ते चर्च का बांधत नाही, असं लोक विचारतात, असं तो लिहितो. वर्ष संपायच्या आत न्युरेंबर्ग, लाइप्झिग आणि बासलला हे मुद्दे छापले गेले. ज्या यंत्राने ती पत्रं छापली त्याच यंत्राने त्यांच्याविरुद्धचा कागदही छापला.

इथे एक सावधगिरी. याचा अर्थ ल्यूथरला पैशाचंच पडलं होतं असा नाही. त्याचा मूळ प्रश्न धार्मिकच होता, माणूस तरतो तो श्रद्धेने की कर्माने, आणि तो प्रश्न लोकांना खरोखर जाळत होता, नाहीतर मुळात ती पत्रं कुणी विकत घेतलीच नसती. पण पापक्षमापत्रांवर त्याच्याआधी बोहेमियात यान हूसनेही जवळपास अशाच धारेने टीका केली होती आणि त्याला १४१५ मध्ये जाळलं. ल्यूथर वाचला कारण छपाई होती, आणि जर्मन राजेरजवाड्यांना रोमला जाणारा पैसा खुपत होता.

हाच फुगर १५१९ मध्ये परत दिसतो. पवित्र रोमन सम्राटाची निवड सात इलेक्टर करायचे, आणि स्पेनचा तरुण राजा चार्ल्स उभा राहिला फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसच्या विरुद्ध. मतं विकत घ्यायला साधारण साडेआठ लाख फ्लोरिन लागले, त्यातले पाच लाखांहून जास्त फुगरचे. (आणि त्या सातातला एक कोण? आपला माइन्झचा आल्ब्रेख्ट.) चार वर्षांनी बाकी थकली तेव्हा फुगरने सम्राटाला सरळ पत्र लिहिलं की माझ्याशिवाय महाराजांना मुकुट मिळाला नसता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी व्याजासकट पैसे चुकते करावेत. सम्राटाला असं लिहिणारा सावकार मध्ययुगात शोधून सापडायचा नाही, आणि मला तरी टर्निंग पॉइंट कोलंबसाइतकाच इथे दिसतो.

कोलंबस आणि वास्को द गामावर मी फार लिहीत नाही, १४९२ आणि १४९८ तुमचं पाठ असेलच. एक गोष्ट आपल्याकडची म्हणून सांगतो, कारण ती खरोखरच या साखळीत आहे. १५१० ला गोवा पोर्तुगीजांकडे गेलं, १५५६ ला जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या एका संघातल्या पाद्र्यांनी, तिथे भारतातला पहिला छापखाना सुरू केला, आणि १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. इंग्लंड तोवर प्रोटेस्टंट, म्हणजे पोपपासून फुटलेलं, तिथे कॅथलिक पाद्री म्हणून राहणं म्हणजे जिवावरचा खेळ. त्या माणसाने गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ ला रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत. म्हणजे जर्मनीत सुरू झालेलं भांडण शंभर वर्षांच्या आत मराठी ओवीपर्यंत पोचलं होतं. धर्मसुधारणेचा जागतिक परिणाम असं विचारलं तर हे उदाहरण टाका, तपासणारा थांबून वाचेल.

पुढे स्पेन. १५४५ ला आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला चांदीचा डोंगर सापडला, राजाचा पाचवा हिस्सा ठरलेला, चांदीने भरलेली जहाजं सेव्हिलला येतायत. तरी दुसऱ्या फिलिपने दिवाळखोरी जाहीर केली १५५७ ला, परत १५६० ला, परत १५७५ ला आणि परत १५९६ ला. एवढी चांदी येऊन? कारण चांदी यायच्या आधीच ती जिनोव्हाच्या आणि जर्मन सावकारांकडे गहाण पडलेली असायची, आणि खर्च होता लढायांचा. मुलं इथे फक्त चलनवाढ लिहितात, ती खरीच आहे, पण लिंक लागते ती दिवाळखोरीतून. कशी ते बघा. १५७५ ला पेमेंट थांबलं, स्पेनच्याच ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये बंडखोरांशी लढणाऱ्या स्पॅनिश फौजेचा पगार थांबला, नोव्हेंबर १५७६ मध्ये त्याच सैनिकांनी अँटवर्प लुटलं, युरोपातलं सगळ्यात श्रीमंत बंदर, हजारो माणसं मारली, आणि चारच दिवसांत घेंटला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही प्रांतांनी एकत्र येऊन स्पॅनिश फौज हाकलायचा करार केला. फार दिवस टिकला नाही तो, पण उत्तरेकडच्या प्रांतांनी १५८१ ला फिलिपला राजा मानणंच सोडलं. १५८५ ला अँटवर्प परत स्पेनच्या हातात गेलं तेव्हा तिथले व्यापारी, विणकर, छापखानेवाले आपलं भांडवल आणि ओळखीपाळखी घेऊन उत्तरेला सरकले. अॅमस्टरडॅमचं भाग्य तिथे उघडलं.

१६०२ ला डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर (डच चलन). शेअरची वही अॅमस्टरडॅममध्ये एका संचालकाच्या घरी ठेवली होती आणि येणारा आपलं नाव आणि रक्कम लिहून जायचा. मोठमोठे व्यापारी होतेच, पण त्याच घरात काम करणाऱ्या मोलकरणीनेही १०० गिल्डर लावले. हे मला फार बोलकं वाटतं. स्पेनच्या राजाला सावकार हात जोडून पैसे देत होते आणि बुडत होते, इथे मोलकरीण स्वतःहून वहीत नाव घालते, कारण तिला भरवसा आहे की पैसे मागायला जायला जागा आहे. हॉलंडचा प्रांत सतराव्या शतकाच्या मध्याला चार टक्क्यांच्या आसपास कर्ज काढू शकत होता. ज्यांनी कर लावायचा तेच प्रांतिक सभेत बसणारे लोक, आणि सरकारचे रोखेही त्यांच्याच घरात, मग बुडवणार कुणाला?

१६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध मी दोन वाक्यांत उरकतो, धर्माच्या नावाने सुरू झालं आणि कॅथलिक फ्रान्स कॅथलिक हॅब्सबुर्ग राजघराण्याविरुद्ध उतरल्यावर ते धर्माचं उरलं नाही. ते संपवणाऱ्या वेस्टफेलियाच्या तहाने सार्वभौम राष्ट्र जन्माला घातलं असं एका रात्रीत घडल्यासारखं लिहू नका, पण डच स्वातंत्र्याला स्पेनने त्याच वर्षी म्युन्स्टरला कायमची मान्यता दिली एवढं जरूर लिहा. विज्ञानक्रांतीही (१५४३ कोपर्निकस, १६३३ गॅलिलिओवरचा खटला, १६८७ न्यूटनचा ग्रंथ) तुम्हाला येत असेल. फक्त हे लक्षात असू द्या की न्यूटनची शेवटची तीसेक वर्षं लंडनच्या टांकसाळीत गेली, आधी वॉर्डन आणि १६९९ पासून मास्टर म्हणून, आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडून फासावर चढवण्यात त्याने भरपूर रस घेतला.

माझ्या दृष्टीने सगळ्यात कमी लेखलेला टर्निंग पॉइंट १६८८ ते १६९४ चा इंग्लंड. त्याआधीचा दुसरा चार्ल्स बघा. लग्नात पोर्तुगालकडून मुंबई आंदण मिळाली, १६६१ चा तह, आणि १६६८ ला त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. आपण भाड्याचं सांगतो आणि हसतो, पण त्या व्यवहारात कंपनीने राजाला ५० हजार पौंड कर्जही दिलं होतं, सहा टक्क्यांनी. मुंबईच्या भाड्यामागची खरी गोष्ट ती. आणि याच राजाने १६७२ ला खजिन्यातून सावकारांचं पेमेंट थांबवलं, लंडनचे सोनार-सावकार बुडाले. राजाला कर्ज म्हणजे हे असं.

मग १६८८ ला हॉलंडचा विल्यम आला, १६८९ ला हक्कांची सनद, कर लावायचा तर पार्लमेंटला विचारून. आपण इथे थांबतो आणि संसदीय लोकशाहीचा विजय असं लिहून पुढे जातो. अहो, पुढचं बघा ना. फ्रान्सशी युद्ध, १६९० ला बीची हेडला इंग्रज-डच आरमाराचा पराभव, नवीन आरमार बांधायला पैसे नाहीत. १६९४ ला बँक ऑफ इंग्लंड निघाली ती याच्यासाठी, सरकारला १२ लाख पौंड, ८ टक्के व्याजाने, आणि व्याजाची सोय म्हणून पार्लमेंटने जहाजांच्या टनेजवर आणि बिअर-दारूवर कर बांधून दिला. जेमतेम बारा दिवसांत सगळी रक्कम भरली. कर्ज आता राजाचं राहिलं नाही, देशाचं झालं. पुढच्या शंभर वर्षांत ब्रिटनने कर्जाचा डोंगर उभा केला, अठराव्या शतकाच्या मध्याला तीन टक्क्यांपर्यंत स्वस्त कर्ज मिळायला लागलं, आणि आपल्या तिप्पट लोकसंख्येच्या फ्रान्सशी युद्धामागून युद्ध लढलं. अठराव्या शतकात माणशी कर ब्रिटनमध्ये फ्रान्सपेक्षा जास्त होता, हे ऐकून वर्गात कुणाचा विश्वास बसत नाही. बंड मात्र फ्रान्समध्ये झालं.

का? कारण फ्रान्समध्ये कर भरायचा कुणी हेच ठरत नव्हतं. सरदार आणि धर्मगुरूंना मोठमोठ्या सवलती, हिशोब कुणाला दिसत नाही, आणि कर्ज महाग. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडची जिरवायला फ्रान्सने एक अब्ज लीव्रहून (फ्रेंच चलन) जास्त उडवले, ते बहुतेक कर्ज काढून. आणि कसलं कर्ज! तहहयात वार्षिकी, म्हणजे तुम्ही एकरकमी पैसे द्या आणि तुम्ही ज्याचं नाव द्याल तो जिवंत असेपर्यंत सरकार दरवर्षी पैसे देणार. गंमत अशी की वय काही का असेना, दर तोच. जिनिव्हाच्या बँकवाल्यांनी काय केलं, चांगल्या घरातल्या, देवी येऊन गेलेल्या, धडधाकट अशा तीस लहान मुली निवडल्या, त्यांच्या नावावर वार्षिक्या घेतल्या आणि त्यांचे हिस्से विकले. मुली सत्तर वर्षं जगल्या तर फ्रान्सचा राजा सत्तर वर्षं पैसे देत बसणार. त्या मुलींच्या तब्येतीची बातमी म्हणजे बाजाराची बातमी. अर्थमंत्री नेकर हा स्वतः जिनिव्हाचा बँकर, त्याने १७८१ ला राज्याचा हिशोब पहिल्यांदाच छापून विकला आणि त्यात एक कोटी लीव्र शिल्लक दाखवली, युद्धाचा खर्च वेगळा ठेवून. १७८८ चे आकडे खरं सांगतात : उत्पन्न सुमारे ५० कोटी लीव्र, खर्च ६३ कोटी, आणि त्या खर्चातले जवळपास ३२ कोटी निव्वळ कर्जापायी. वेर्सायचा दरबार आणि राणीचे दागिने? मोठं वाटतं, पण दरबाराचा खर्च साधारण सहा टक्के. राणीवर राग काढणं सोपं होतं, व्याजावर कोण काढणार.

म्हणून १६१४ नंतर न भरलेली इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, ५ मे १७८९ ला भरवावी लागली, नवीन कराला संमती हवी होती म्हणून. तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, टेनिस कोर्टची शपथ, १४ जुलै, बास्तील तुरुंगात सात कैदी. पण १७ जून बघा. तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा जाहीर केलं आणि त्याच दिवशी ठराव केला की आजचे कर बेकायदा आहेत, पण सभा भरलेली असेपर्यंत चालू राहतील, आणि राज्याचे सावकार आता फ्रेंच राष्ट्राच्या जबाबदारीवर. म्हणजे क्रांतीच्या पहिल्याच दिवशी, सभेला हात लावाल तर कर बंद अशी राजाला धमकी आणि सावकारांना तुमचे पैसे सुरक्षित असा निरोप, दोन्ही एकाच कागदावर. रूसो वाचून कुणी हे लिहीत नाही, त्याला वकील लागतात, आणि ती सभा वकिलांनी भरलेली होतीच. अर्थात रस्त्यावरच्या माणसाला वार्षिकीशी घेणं नव्हतं, १७८८ ला पीक गेलं होतं आणि जुलैत पॅरिसमध्ये पाव कित्येक वर्षांत नव्हता इतका महाग झालेला. सभेतली भांडणं आणि बेकरीपुढच्या रांगा एकाच महिन्यात भेटल्या म्हणून ते घडलं. नंतर चर्चच्या जमिनी ताब्यात घेऊन त्यांच्या तारणावर असिन्या नावाचे कागद काढले, ते छापत सुटले, आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये त्यांची छपाईची सामग्री पॅरिसच्या चौकात जाहीरपणे जाळली. नेपोलियनबद्दल एकच, १८०३ ला त्याने लुइझियाना अमेरिकेला दीड कोटी डॉलरला विकला आणि ते पैसे उभे करून देणाऱ्यांत लंडनची बेअरिंग बँक होती. ब्रिटनशी त्याचं युद्ध त्याच वर्षी परत पेटलेलं!

आता वाफेचं इंजिन, जे नोट्समध्ये आकाशातून पडतं. थॉमस न्यूकमनचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं, कोळसा प्रचंड खायचं, पण कोळशाच्या खाणीवर चुऱ्याला कोण विचारतो, म्हणून चालून गेलं. जेम्स वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं काढलं, पेटंट १७६९ चं. त्याचा पहिला भागीदार जॉन रोबक दिवाळखोरीत गेला. रोबक बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचं १२०० पौंड देणं लागत होता, आणि बोल्टनने त्या बदल्यात पेटंटमधला रोबकचा दोन तृतीयांश हिस्सा घेतला. बाकीच्या सावकारांना तो हिस्सा कवडीमोलाचा वाटत होता! १७७५ ला पार्लमेंटने पेटंट १८०० पर्यंत वाढवून दिलं, जॉन विल्किन्सनच्या तोफा पोखरायच्या तंत्रातून अचूक सिलिंडर मिळाला, आणि बोल्टन-वॉटने धंद्याची पद्धत अशी ठेवली की जुन्या इंजिनाच्या तुलनेत तुमचा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. म्हणून त्यांचं मोठं गिऱ्हाईक कोळशाच्या खाणी नव्हत्या, कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणी होत्या, जिथे कोळसा वेल्सहून जहाजाने आणावा लागायचा. हे समजलं की औद्योगिक क्रांती ब्रिटनमध्येच का या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं : मजुरी महाग, कोळसा मुबलक, आणि यंत्र वाचवेल ते पैसे मोजणारा मालक.

पण इथे धागा ओढून ताणू नका. बँक ऑफ इंग्लंडने गिरण्यांना कर्ज दिलं असं काही नाही. आर्कराइटची १७७१ ची क्रॉमफर्डची गिरणी काय किंवा पुढच्या बऱ्याच गिरण्या काय, भागीदारांच्या, घरच्या आणि ओळखीतल्या पैशावरच उभ्या राहिल्या. सरकारी कर्जाचा उपयोग आडून झाला, आरमाराने समुद्र आणि बाजार ताब्यात ठेवले. आणि कापडाचं तर उघड आहे, भारतातलं छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतकं खपत होतं की १७०० आणि १७२१ ला कायदे करून ते बंद केलं, त्या आडोशाने इंग्रजी सूत वाढलं, आणि कापूस येत होता तो अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांतून. १८३३ ला ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींमधली गुलामी बंद केली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, मालकांना, गुलामांना काहीच नाही, आणि त्यासाठी रॉथशिल्डसारख्या सावकारांकडून कर्ज काढलं. त्या कर्जाचा उरलासुरला भाग ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला.

राहिलं, आधी काय करायचं. यूपीएससीच्या सिलॅबसमध्ये जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून आहे, त्यामुळे प्रबोधन आणि धर्मसुधारणा पार्श्वभूमी म्हणून वाचा, त्यावर आठवडे घालवू नका. सुरुवात १६८८ ते १६९४ पासून करा, मग थेट फ्रान्सचं १७८१ ते १७८९, मग ब्रिटनचा कापूस आणि कोळसा, आणि हे तीन बसले की मागे जाऊन स्पेन-हॉलंड वाचा, ते आपोआप समजेल. बीएच्या पेपरला असाल तर क्रम सरळ ठेवा पण १४५३ पहिलं कारण म्हणून लिहू नका. नेपोलियनच्या लढायांची यादी सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.